कुणाचा वाजतोय?

कुओपिओच्या उत्तरेला, एप्रिलात,
सरोवर अजून अर्धं गोठलेलं
आणि आम्ही सात मुली, आठवी रीक्का,
सौनाच्या वरच्या फळीवर घामाघूम.
प्रत्येकीच्या दंडावर एकेक पांढरी टिकली, सेन्सरची.
शाळेत मी तिच्यावर भर उन्हाळ्यातही लांब बाही ओढते.
इथे कुणी बघतसुद्धा नाही.
बघायचं काय, सगळ्यांनाच आहे.

पंप काढून बाहेर ठेवलेत, लोकरी मोज्यांत गुंडाळून,
शेजारी फोन, ओळीने पालथे.
पिह्लाने तापल्या दगडांवर पाणी ओतलं,
चर्रकन वाफ उठली, कान भाजले,
आणि सानेल्मा म्हणाली,
भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं इतक्या सहज:
"गेल्या वर्षी मी अर्धंच इन्सुलिन घ्यायचे.
वीट आला होता. बारीक झाले, तर सगळे छान म्हणाले.
मग एकदम दवाखान्यातच जाग आली."
कुणी हाय खाल्ली नाही, कुणी उपदेश केला नाही.
केर्तू फक्त सरकली
आणि भिंतीला टेकायची जागा तिला दिली.

माझी आई दारातच विचारते, "किती आहे?"
दिवस कसा गेला, हे नंतर,
आकडा बरा असेल तर.
मला हे सांगायचं होतं. तोंड उघडलं,
तेवढ्यात बाहेर फोन वाजला.

तोच सूर. सगळ्यांचा एकच.
वर्गात वाजला की मी बोटाने त्याचा गळा दाबते,
म्हणते, मेसेज आहे.
इथे सातही जणी उठलो,
"माझा?" "माझा असेल." "थांब, माझाच!"
टॉवेल सावरत, ओल्या पावलांनी,
एकेक फोन उलटा करून पाहिला.
आमचे सात गप्प.

आठवा रीक्काचा.
ती पायरीवर बसली होती,
आमच्यातून कधी उठून गेली, कळलंच नाही.
हात लटलट कापत होता,
ज्यूसच्या खोक्यात नळी शिरत नव्हती.
आम्हाला फळ्यावर तक्ते काढून शिकवणारी रीक्का,
एकोणीस वर्षं मुरलेली.

"अजूनही होतं?"
"अजूनही," ती म्हणाली. "नळी घाल आधी."

मी घातली.
पंधरा मिनिटं आम्ही तिथेच, अंगातून वाफा निघताहेत,
तळवे फळ्यांना चिकटताहेत,
केर्तूचे दात वाजताहेत.
दार उघडं राहून सौना थंड झाली, तरी कुणी हललं नाही.

मग रीक्काने तोंड पुसलं,
माझ्याकडे वळून म्हणाली,
"हं. तू काहीतरी सांगत होतीस."