थर्मासमधली पेज

भावानं पुण्याहून पार्सल पाठवलं.
जाड कागदी पुडकं, त्यावर बर्फाचा डोंगर छापलेला,
आत ओट्सचे तुटके, कडक, करडे दाणे.
झटपट नाहीत हं हे, तो फोनवर दोनदा म्हणाला,
चाळीस मिनिटं ढवळत राहायचं. पण अंगाला चांगले.

चाळीस मिनिटं!
तेवढ्यात मी दोनदा पाजते,
तीन दुपटी पिळून दोरीवर टाकते,
एकदा रडते,
आणि केसांत फणी अडकवून
ती तिथेच विसरते.

आई सव्वा महिना राहिली, मग आचऱ्याला परतली.
बिया गळायला लागल्या होत्या,
काजू कुणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाही.
सदानंद बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
पहाटे येतो तेव्हा हात इतके गार
की लेकीला घेण्याआधी ते काखेत दाबून
दारातच उभा राहतो,
चोरी पकडल्यासारखा.

पुडकं आठवडाभर फळीवर, उकड्या तांदळाच्या शेजारी.
मग एका रात्री, अडीच वाजता,
ती एकदाची झोपली आणि मी झोपले नाही, तेव्हा
मूठभर दाणे तळहातावर ओतले.
अगो, ह्या तर कण्या!
भात सडून झाल्यावर
चाळणीखाली उरतात तशाच.
नुसत्या दुरून आलेल्या.

कण्यांची भीती कुणाला?

कुडाळच्या दवाखान्यात नेलेला थर्मास खाली काढला.
झाकणावर अजून चिकटपट्टी:
वृंदा पेडणेकर, खाट सात.
वाटीभर दाणे, चार वाट्या उकळतं पाणी,
मिठाचे दोन खडे. झाकण गच्च.
वर माझी जुनी शाल गुंडाळली.
आता घरात दोन गाठोडी होती,
त्यातलं एक रडणार नव्हतं.

मी आडवी झाले.
बंदरावर कुणाचं तरी इंजिन खोकत होतं.
आणि तिकडे ओट्यावर, अंधारात,
दाणे आपले आपण मऊ होत होते.
मला हाक न मारता.
मी उठून न बघता.
ह्या घरात माझ्या हाताशिवाय
काहीतरी होत होतं,
ह्या विचारानंच मला झोप लागली असावी.

सकाळी झाकण फिरवलं, तर वाफ थेट चष्म्यावर.
दूध घालून बघितली: खडू.
गूळ घातला: गोड खडू.
मग कालचं उरलेलं खोबरं चिमूटभर,
आणि कुणी बघत नाही असं बघून
लोणच्याचा चमचाभर खार.
तेव्हा ती पेज झाली.

कुणी बघत नाही कसं?
फिलूबाय अंडी घेऊन मागच्या दारात.
"ह्यां काय गो? घोड्याचां खाणां?"
मग लोणच्याच्या बरणीकडे नजर, मग माझ्याकडे.
मी मान खाली घातली.
ती बसली. वाटी पुढे केली.
अर्धी संपवून म्हणाली,
"मीठ कमी असा."
आणि लेकीला मांडीवर घेतलं, न मागता,
म्हणून मी माझी वाटी
बसून खाल्ली,
गरम असताना,
तळ खरवडून.

काल दुपारी सगळे दाणे तुपाच्या बोटावर परतले,
वाटी वाटीच्या पुड्या बांधल्या.
वार लिहायला पेन घेतलं आणि हात
टपाल कचेरीतल्यासारखा चालू लागला:
मठ, तुळस, वेतोरे, होडावडे,
उभादांडा, शिरोडा.
खोडलं नाही. कामावर जायला अजून अडीच महिने आहेत,
हाताला तेवढीच सवय राहील.
आज रात्री मठ भिजेल, उद्या तुळस.

सातवी पुडी बांधलीच नाही.
रविवारी टपाल नसतं.
भूक असते, ती बघू,
आत्ता पाळणा हलायला लागलाय.