देठाखालची पिशवी

सोमवारी चार ते सहा
जुन्या टपालखोलीत, जिथे आता टपाल येत नाही,
बोहुमिलाबाई टेबलावर वर्तमानपत्र अंथरतात.
एक वाकडा चाकू, एक भिंग,
आणि टाकायच्या अळंब्यांसाठी निळी बादली.

सप्टेंबरात अख्खं व्हिसोचिना जंगलातच असतं.
लोक येतात, टोपलीवर फडकं.
कुठे मिळाल्या, हे कुणी सांगत नाही.
"तिकडे, झाडांखाली," म्हणतात,
आणि पाय टेबलाखाली सरकवतात,
बुटांवरच्या चिखलाचा रंग दिसू नये म्हणून.

तिसरं वर्ष, मी शेजारी बसते. वही माझ्याकडे.
बाई शिकवत नाहीत, हातात देतात.
हे मोड.
मोडलं. खडूसारखं, कट्.
होलुबिन्का, म्हणजे छोटंसं कबुतर.
हे काप.
पिवळा गर बघता बघता निळा पडला,
दारात चिमटलेल्या अंगठ्यासारखा.
हे हुंग.
ओलं पीठ.
रंगावर जाऊ नकोस, रंग पाऊस धुऊन नेतो.
गोगलगायीनं खाल्लं म्हणून तू खाऊ नकोस,
गोगलगाय काही आपल्या घरातली नव्हे.

परवा झ्बिनेक हांझेल्का आला,
बिअरच्या कारखान्यातला निवृत्त फिटर,
टोपली काठोकाठ, नातवंडं यायची होती.
हिरवट टोप्या, पांढरी पाती,
आईनं शिकवलं तसं
जमिनीलगत चाकूनं स्वच्छ कापलेलं.
"सगळी कबुतरं," तो म्हणाला.

बाईंनी एकेक मोडलं.
कट्. कट्. कट्.
सतरावं मोडलं नाही.
दोऱ्यांनी सोलत गेलं.

"याच्या बुडाशी काय होतं?"
"काय असणार? माती."
"पिशवी होती. अंड्याच्या कवचासारखी, पांढरी.
हिची ओळख जमिनीखाली असते, झ्बिनेक,
आणि तू ती जंगलातच ठेवून आलास."

अख्खी टोपली बादलीत.
तो भांडला. एक वाईट, मग बाकीच्या का?
चार किलो. पहाटेपासून. ऑपरेशन झालेली कंबर.
"चाळीस वर्षांची ओळख आपली, बोहुमिला,
एवढं एक पोटात घाल."
"तेच," बाई म्हणाल्या, "पोटात घालायचं नाही."

दार आपटलं.
वहीत मी लिहिलं: चार किलो, नष्ट.
बाई बराच वेळ हात धूत राहिल्या.
मग नळाकडेच बघत म्हणाल्या,
"चव छान असते म्हणे. खाणारेच सांगतात.
रात्री काही नाही, सकाळपासून उलट्या,
आणि तिसऱ्या दिवशी एकदम बरं वाटतं.
माणूस उशीला टेकून बसतो, सूप मागतो.
क्व्येतानं मागितलं होतं.
मी बटाटे घालून केलं."

क्व्येता कोण, हे मी विचारलं नाही.
त्यांनी नळ बंद केला.

माझ्या न्हाणीघरात गव्हाच्या काडाची पिशवी टांगलीय.
विकतचं बियाणं, लेबलासकट धिंगरी,
ओळखायचं असं काहीच नाही.
भोकांतून कान फुटलेत, राखाडी,
दाढी करताना नवरा त्यांना डोकं आपटतो.
त्या रात्री तरी मी एक तोडली,
हुंगली, मोडली, सोलली,
आणि काळ्या कागदावर पालथी ठेवून
वर काचेचा पेला झाकला.
सकाळी पेला उचलला तर खाली
पात्यांची रेघ न् रेघ, फिकट जांभळट,
फुंकरीनं जाईल इतकी.
मी श्वास धरून उभी राहिले
बस चुकेपर्यंत.

पुढच्या सोमवारी झ्बिनेक परत आला.
टोपली नाही. बुटाच्या खोक्यात
एकच अळंबी, मुळाशी चार बोटं माती,
शेवाळ, पाइनच्या सुया, एक चिडलेली मुंगी,
रोपटं आणावं तशी उपसून आणलेली.
बाईंनी भिंग लावलं.
बाजूनं बघितलं, खालून बघितलं,
खिडकीशी नेऊन बघितलं.
"माहीत नाही," म्हणाल्या.
झ्बिनेक आधी हसला, मग हसायचा थांबला.
"ठसा घेऊन बघू. उद्या ये."
"येतो," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

बूट मात्र
टेबलाखालीच होते.