नोंदवहीच्या शेवटच्या पानावर

त्सेपांग, बाप्तिस्मे पहिल्या पानापासून आहेत,
लग्नं मधोमध, मृत्यू मागच्या बाजूने.
हे एक पान कोरं राहिलं होतं.

मंडळ्या सात. तीन ठिकाणी गाडी जाते,
चार ठिकाणी मोहाले.
त्याला चढावर थांबवावं लागत नाही, तोच थांबतो,
धाप ओसरेपर्यंत पाऊल उचलत नाही.
पहिली दोन वर्षं मी टाच मारायची.
मग कळलं, आम्हा दोघांत
शिकलेलं कोण आहे ते.

दर शनिवारी कुणाची तरी माती.
मातीनंतर जेवण, पाळकाच्या ताटात
चरबीचा सगळ्यात मोठा तुकडा,
चहात चार चमचे साखर.
रडणाऱ्याचा हात कसा परतवावा?
अकरा वर्षं मी एकही परतवला नाही.
आणि एका जूनमध्ये, बाहेर बर्फ,
आशीर्वादासाठी हात वर गेला
आणि मी खाली आले.

दवाखान्यात सिस्टर मालिनेओने बोट टोचलं.
आकडा बराच वेळ स्वतःच पाहत राहिली.
म्हणाली, "आई, शरीर मंदिर आहे म्हणता ना?
छप्पर गळतंय,
आणि तुम्ही घंटा वाजवत बसलाय."

परसात दगडी बांधाआड मोरोहोचे वाफे आहेत.
पाणी संध्याकाळी घाल, सकाळी दंव पुरतं.
मा-तुमेलोच्या घरी न सांगता घेवडा वाढतात,
बाकीच्यांना सांगावं लागेल.
सांग. कुणी रागावत नाही.
मीच उगाच घाबरायची.

फोनला रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर.
मी रोज रात्री चढायची, कंदील घेऊन,
जगात कुणाला तरी मी हवी आहे का बघायला.
सोमवारी चढू नकोस.
सोमवारी कुणी गेलं तर
वडील खोआबाने प्रार्थना करतो.
माझ्यापेक्षा छोटी करतो, लोकांना आवडते.

खाणीत गेलेल्यांच्या बायका बोलतील.
ऐक. पण ती ओली घोंगडी अंगावर घेऊन झोपू नकोस.
खाटेखाली खोक्यात गुप्तहेरांच्या कादंबऱ्या आहेत.
त्यांत गुन्हेगार शेवटी सापडतो,
आपल्या कामात क्वचितच.

आता जे लिहायला टाळत होते ते.
स्वयंपाकीण वाफेनेच पोट भरते,
तशी मी शास्त्र वाचत होते:
हे रविवारी चालेल, हे मयतीला,
हे तरुणांच्या सभेला.
मला काय चालेल, ते विचारायचंच राहिलं.
त्या हिवाळ्यात प्रार्थना आटली.
लोकांसमोर येत होती, खळखळून.
दार लावलं की कोरडी.
कुणाला सांगणार? पाळकाचा पाळक
घोड्यावरून दोन दिवसांच्या वाटेवर.

मा-खोथात्सो देऊळ झाडते, तुला दिसेलच.
मला मागच्या बाकावर पाहून ती झाडू टेकवून बसली,
अर्धं ब्लँकेट माझ्या खांद्यावर टाकलं
आणि माझ्यासाठी प्रार्थना केली.
गुडघ्यांसाठी, झोपेसाठी,
पोन्त्शो हे नाव घेऊन.
किती वर्षांनी कुणी देवापुढे
मला पाळकबाई न म्हणता उभं केलं.

झुडपाखाली मरण मागत निजलेला तो संदेष्टा आठव.
दूताने त्याला आधी बोध केला नाही.
निखाऱ्यावरची भाकर दिली. निजू दिलं.
पुन्हा उठवून पुन्हा भाकर.
आवाज नंतर, फार नंतर, आणि तोही हळू.
हा उपदेश मी सहा वेळा केला होता, त्सेपांग.

काल साखर दोनशे दहा होती.
तेव्हा हे शिकलेलीचं पान समजू नकोस,
शिकणारीचं आहे.

चूल वारा फिरला की धूर करते.
किल्ली मा-खोथात्सोकडे.
ऑगस्टच्या शेवटी पीचला फुलं येतात,
पानांच्या आधी, उघड्या फांद्यांवर.
त्या आठवड्यात सभा ठेवू नकोस.