नखाला लागतं ते

एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात, नाशिकरोडला,
माझं काम एकच : चूक धरायची.
शाई फुटली, आकडा सरकला,
कडेचं पांढरं एका अंगाला केसभर जास्त झालं
की कागदावर खूण, आणि कागद बाजूला.
पुढे त्याचं काय व्हायचं ते भिंतीपलीकडे.
आम्हाला नुसता आवाज यायचा, दळणासारखा.

रजेच्या दिवशीही डोळे थांबायचे नाहीत.
भाचीच्या लग्नपत्रिकेतली चुकलेली वेलांटी
मी मांडवात दाखवली.
बहीण अजून नीट बोलत नाही.

मग निवृत्ती. शाल, नारळ, भाषणं,
आणि दुसऱ्या दिवशी मेथीच्या जुडीमागे
भाजीवालीने परत दिलेला एक रुपया.
सिंहाच्या कानापासून काठापर्यंत बारीक रेघ.
ओरखडा असेल म्हणून नख फिरवलं.
नख अडलं.
रेघ वर आलेली होती.

ओरखडा आत जातो. ही तर उगवलेली.
किती दिवस ते डोक्यातून जाईना.
शेवटी सराफ बाजारात चोरडियांनी सांगितलं,
भिंगही न काढता, बशीत चहा ओतत :
बाई, फुटलंय ते नाणं नाही, साचा.
पोलादाला तडा गेला, धातू त्यात शिरला.
तिकडची भेग इकडे उंच होते.
आणि ठोके काय थांबतात का?
पुढच्या दहा हजारांत बघा,
रेघेची पार गोदावरी झालेली असेल.

आता कुंकवाच्या जुन्या डब्यांत एकशे चौदा आहेत.
एकावर ठोका भलतीकडेच पडलाय, उरलीय चंद्रकोर.
एक अगदी कोरं, कुठल्या घाईत सुटलं कोण जाणे.
एक लाखी : दोन्हीकडे सिंह, पण मागचा उलटा, खोल.
आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं
आणि नंतरच्याच्या पाठीत स्वतःलाच उमटवून गेलं.
असे एक साहेब आमच्याकडेही होते.
असो.

रामकुंडावर दगू गांगुर्डे
दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतो,
लोकांचे नवस वर काढतो, पायरीवर वाळत घालतो.
त्याच्या भाषेत 'येड्या' नाण्याला मी दहा रुपये देते.
म्हातारी चळली, असं तो चहावाल्याला सांगतो,
मला ऐकू येईल इतक्या हळू.
एकदा त्याने छिन्नीने रेघ मारून आणली.
मी त्याचंच बोट धरून त्यावरून फिरवलं.
बुडतंय की अडतंय?
'बुडतंय,' म्हणाला, आणि कान पकडला, स्वतःचाच.
त्या दिवसापासून प्रत्येक रुपया तो आधी नखावर घेतो,
मग पिशवीत.

श्रावणात शालिमारहून बसने येताना
कंडक्टरला सुट्टे दिले, त्यांत तेच गेलं,
पहिलं, सिंहाच्या कानाचं.
का बरोबर घेतलं होतं ते विचारू नका.
घरी येऊन पर्स पालथी केली तेव्हा कळलं.
एकतीस वर्षं एक चुकला कागद दाराबाहेर जाऊ दिला नाही
आणि हे माझ्याच हातून.
दोन रात्री झोप नाही.
तिसऱ्या रात्री जरा बरंही वाटलं,
का ते सांगता येत नाही.
असेल कुठे तरी. टपरीच्या गल्ल्यात,
एखाद्या पोराच्या मुठीत, घामेजलेलं,
कुणाचं नख न अडता.

माघात दगू म्हणाला, बाई, हात करा.
ओलं, गार, किंचित शेवाळलेलं.
नख लावायच्या आधीच मी ओळखलं.
कुणीतरी काहीतरी मागून ते पाण्यात सोडलं होतं.
काय मागितलं, मिळालं की नाही,
हे दगूला विचारून उपयोग नव्हता.
तो माझ्याकडे बघत होता.

'हे मागं तुम्हीच घेतलं व्हतं ना?'
त्यालाही आता ओळखता येतं.
हो, म्हटलं.
'मंग पंधरा द्या.'