वेळेवयली

आमच्याकडे किनाऱ्याला वेळ म्हणतात.
वेळेवर होड्या ओढून ठेवतात, वेळेवर बांगडे सुकत घालतात,
आणि तळपणच्या वेळेवर, सुरूच्या बनापलीकडे,
एक देवी आहे, तिला नाव नाही.
वेळेवयली म्हणतात.
लग्नं जमवते.

"वेळ आली की होईल,"
आई अकरा वर्षं म्हणते आहे
आणि मला प्रत्येक वेळी भरती दिसते.

चावडीहून दोन तिकिटं. कंडक्टर पागींचा धाकटा.
याच्याच थोरल्याचं स्थळ आलं होतं मला.
सुटे त्याने मोजून दिले, वर न बघता.
आईच्या मांडीवर पिशवी: खण, नारळ, हिरवा चुडा,
केळीच्या पानात अबोलीचा वळेसर,
आणि प्लास्टिकच्या फोल्डरात माझी पत्रिका,
झेरॉक्सची झेरॉक्स.
शनी आता वाचता येत नाही.

देऊळ लहान. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं.
खाऱ्या वाऱ्याने घंटेचा घसा बसलेला.
वाळू उंबऱ्यापर्यंत आलेली.
शाबा गुरव सकाळी झाडतो,
दुपारी तेवढीच परत.

आमच्या पुढे एक जोडपं, नवस फेडायला आलेलं.
देवीला साडी आणली होती,
किमतीची चिठ्ठी काढायची राहिली होती.

मग आमची पाळी.
शाबाने पंखा बंद केला, पाकळ्यांना वारा लागू नये म्हणून.
बोट पाण्यात बुडवून एकेक पाकळी दगडाला लावली,
उजव्या खांद्यावर, डाव्या खांद्यावर.
उजवी आधी सुटली तर हो.
डावी सुटली तर थांबा.
"गे माये, वेळेवयले, ही तुझी लेक, वय वर्षं..."
तो अडला.
"चौतीस," आई म्हणाली.
मी अडतीस.
चार वर्षं देवीदेखत समुद्रात गेली.

आम्ही बसलो.
भिंतीपलीकडे पाणी येत होतं, जात होतं.
एक माशी देवीच्या नाकावर बसली,
तिला कुणी काही विचारलं नाही.
दिवलीतलं तेल संपत आलं. शाबा तेलाची बाटली आणायला मागे गेला.

"माझ्या वेळी डावी पडली होती,"
आई म्हणाली. देवीकडे बघत. आवाज भाजीचा भाव सांगावा तसा.
"मावशी बाहेर चपला राखत होती.
शाबाचा बापूस असाच मागे गेला होता.
डावी मी पदरात बांधली.
उजवी नखाने सोडवली."

मला बाबा आठवले,
संध्याकाळी रेडिओच्या बातम्या लावून बसणारे,
एकदाही हात न उगारलेले,
एकदाही "जेवलीस का" न विचारलेले.

"तुला बाबाच हवे होते?"
"मला त्या घरातून निघायचं होतं."

एवढंच.
मी तिच्या हाताकडे पाहिलं.
ती माझ्या हाताकडे पाहत होती.
अंगठ्याचं नख मी कालच कापलं होतं,
पोस्टात पावत्या फाडताना अडकतं म्हणून.
पाकळ्या ओल्या, चिकटून, दोन्हीकडे सारख्या.

शाबा परत आला. तेल घातलं. वाट पाहिली.
"कधी कधी ती विचार करते," म्हणाला,
जणू त्याचीच चूक.
"करू दे तिला," आई उठली. "दोनची बस चुकेल."

वाळू तापली होती.
बनाच्या कडेला वनखात्याने काठ्या रोवून जाळं लावलेलं,
आत कासवाची अंडी, पाटीवर तारीख.
आई पाटीपाशी जरा थांबली,
महिने बोटांवर मोजले, काही बोलली नाही.
पिशवी हलकी झालेली, फक्त फोल्डर उरलेला,
तो तिने काखेत मारला, वर्तमानपत्रासारखा.

तेवढ्यात मागून शाबाची हाक आली.
"पडली गो! पडली!"
कुठली, ते सुरूच्या सळसळीत गेलं.

मी वळले.
आई माझ्या खांद्याला धरून एका पायावर उभी होती,
चपलेतली वाळू झटकत.
आधी उजवी.
मग, सावकाश, डावी.