एक अक्षर नसलेलं पुस्तक

नकाशात उंची दिली आहे: पाच हजार सहाशे बारा फूट.
ओर्फा पिटमन म्हणायची, हा आकडा शिळा आहे,
मोजणारे खाली उतरेपर्यंत
डोंगर दोन कण झिजला असणार.

लेडफर्ड नॉब.
लेडफर्ड कोण, कुणालाच सांगता येत नाही;
म्हणे एका हिवाळ्यात त्याची गाय वर हरवली.
त्याआधीचं नाव ज्यांच्या जिभेवर होतं
त्या चेरोकींना पलटणीनं पश्चिमेला हाकललं.
नाव कुठल्या ओढ्याशी गळून पडलं, माहीत नाही.

आणि त्याही आधी, फार आधी,
कुठल्याशा समुद्राचा गाळ
जमिनीच्या पोटात शिजत पडला,
पट्ट्यापट्ट्यांचा खडक झाला.
भेगांत गारगोटी थिजली,
गारगोटीच्या कुशीत अभ्रक,
पानावर पान, पानावर पान.
खाणीतली माणसं त्या ढेपेला पुस्तक म्हणायची.

मग आफ्रिका आली.
घाई नव्हती तिला, नखं वाढतात त्या चालीनं आली,
आणि सतरंजी पायानं ढकलावी
तसा हा सगळा मुलूख चुण्या पडून वर सरकला.
हिमालय तेव्हा जन्मालाही आला नव्हता.
तेव्हापासून हा उतरतोच आहे.

युद्धाच्या वर्षांत ओर्फा पत्र्याच्या शेडमध्ये बसून
चाकूनं अभ्रकाची पानं सोडवायची,
रेडिओसाठी, विमानांसाठी,
तासाला पस्तीस सेंट.
"एवढं जाड पुस्तक," ती म्हणे, "आणि एक अक्षर नाही."
तिच्या भावाला, एल्झीला, त्याच खाणीच्या छतानं घेतलं.
त्याच्या कोटाच्या शिवणीतून
महिनाभर चकाकी गळत होती.

युद्ध संपलं, कंपनीनं कुलूप लावलं.
चेस्टनटची झाडं तर आधीच
उभ्याउभ्या वाळली होती.

एकाहत्तराव्या वर्षी, चर्चच्या बसमधून,
ओर्फा पहिल्यांदा समुद्रावर गेली.
बाकीच्या शिंपले वेचत होत्या.
हिनं मूठभर वाळू उन्हात धरली,
आणि ओळखीचं काही चमकलं.
"अरे," म्हणाली, "तू इथवर आलास होय?"

त्या ऑक्टोबरात काठी टेकत ती वर गेली,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत वाळू घेऊन.
उंची कोरलेल्या पितळी तबकडीवर बाटली उपडी केली.
"घे. आता परत जाऊ नकोस,
माझे गुडघे राहिले नाहीत."

वारा होता.
निम्मी वाळू तबकडीला टेकलीच नाही,
तशीच पूर्वेला निघाली.