मधलं कुठं गेलं

दांडिया बाजारातल्या घरी काका विचारतात,
"बी.एस्सी.वरून थेट पीएच.डी.? मधलं कुठं गेलं?"
आई चहा गाळत राहते, गाळणीत बघत.

विश्वामित्रीच्या पुलावर मी स्कूटर थांबवते.
बेडकाला आधी शेपटी गाळावी लागते.
मगरीचं पिल्लू अंड्यातूनच दातांसकट येतं,
वीतभर,
पण मगरच.

हे काकांना ऐकवायला छान आहे.

खरं इतकंच, की काल लॅबमध्ये
ज्या पेपरवर सगळ्यांनी माना डोलावल्या
तो मला कळला नव्हता.
मीही डोलावली.

अंड्यात असतानाच ती पिल्लं ओरडतात म्हणे,
मातीखालून,
आणि वर कुणीतरी उकरायला लागतं.

मागून हॉर्न वाजतोय.
थांबा हो. मॅडमना मेसेज लिहितेय:
पान तीन. पहिल्या ओळीपासून.